वेंधळेपणाची फाइल : मोठेपणी एडीएचडीचे उपचार सुरू करताना

माझ्या फाइलमधला पहिला कागद म्हणजे पाचवीचं प्रगतिपुस्तक. शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘हुशार आहे. वर्गात लक्ष नसते. वह्या अपूर्ण.’ पुढची पंचवीस वर्षं हाच शेरा मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. आईच्या तोंडी ‘वेंधळी’, नवऱ्याच्या तोंडी ‘तुला सांगून ठेवण्यात अर्थ नाही’, पहिल्या नोकरीतल्या साहेबांच्या तोंडी ‘आरंभशूर’. छत्तिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी म्हटलं, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याचा त्रास.

त्या नावापर्यंत पोचायला मला जवळपास दोन वर्षं लागली. त्यातले प्रत्यक्ष डॉक्टरांसमोर गेले ते तीन-चार तास. बाकीचा वेळ कशात गेला? फोन करायचा राहिला, नंबर लावला पण तारीख विसरले, रक्ततपासणीचा कागद हरवला. या आजाराचे उपचार मिळवण्याची वाट नेमक्या त्याच गोष्टींनी भरलेली आहे ज्या आपल्याला जमत नाहीत : फोन, फॉर्म, रांग, ‘चार आठवड्यांनी पुन्हा या’. पोहायला शिकायचंय आणि शिकवणारा तळ्याच्या पलीकडच्या काठावर बसलाय, असा प्रकार. म्हणून काय करायचं याच्या जोडीला, ते आपल्या हातून कुठे निसटतं हेही लिहिते. लेख मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांविषयी शेवटाकडे थोडं आहे.

१. आधी खातरजमा, पण थोडीच

रील बघून शंका आली असेल तर लाजू नका, हल्ली बहुतेकांना तिथूनच येते. फक्त रीलवर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची ‘एएसआरएस’ नावाची अठरा प्रश्नांची चाळणी-प्रश्नावली नेटवर मोफत मिळते. त्यातले पहिले सहा प्रश्न सगळ्यात कामाचे. काम संपत आल्यावर शेवटचा भाग रेंगाळतो का, भेटीगाठी विसरता का, बराच वेळ बसायचं असलं की हातपाय चाळवत राहतात का, अशा धाटणीचे. दहा मिनिटांत होते. उत्तरं भरलेला कागद जपून ठेवा. त्याने निदान होत नाही, पुढे तपासायला हवं की नको एवढंच कळतं.

‘असं तर सगळ्यांनाच होतं’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार. खरंच आहे, चाव्या सगळेच विसरतात. डॉक्टर बघतात ते निराळंच. त्रास बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहे का? घर, काम, शिक्षण, नाती यांतल्या किमान दोन ठिकाणी आहे का? आणि त्यामुळे आयुष्याचं काही अडलंय का? (पूर्वी वयाची ही अट सात वर्षांची होती. २०१३ साली अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ती बारा झाली, आणि मोठ्या माणसांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली.) गेल्या वर्षी नोकरी बदलल्यापासून लक्ष लागत नसेल तर कारण बहुधा दुसरं आहे, आणि तेही डॉक्टरांना दाखवण्यासारखंच आहे.

दुसरं ऐकाल ते म्हणजे ‘ही मोबाइलमुळे आलेली थेरं’. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा कोणाच्या हातात मोबाइल होता?

२. फाइल करा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली पायरी हीच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एक प्लास्टिकची फाइल आणा. पारदर्शक, भडक रंगाची. माझी पोपटी आहे, कारण बेज रंगाची पहिली फाइल कपाटात अंतर्धान पावली. तिच्यात पुढच्या गोष्टी गोळा करा, आणि प्रत्येकाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

शाळेचे कागद. प्रगतिपुस्तकं, शेरे, ‘पालकांनी भेटावे’ अशा चिठ्ठ्या. माळ्यावर शोधा, मिळाल्या तर सोनं. नाही मिळाल्या तरी अडत नाही. लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेल्या माणसाची साक्ष चालते.

म्हणजे बहुधा आई. इथेच घोडं पेंड खातं. आईला सरळ विचारलं, ‘मला लहानपणी लक्ष न लागण्याचा आजार होता का गं?’ की ती दुखावते. तिला वाटतं, आपल्या वाढवण्यात खोट काढतेय. मी एका रविवारी चहा झाल्यावर नुसतं विचारलं, ‘मी शाळेत काय काय हरवायचे?’ अर्धा तास ती हसत सांगत होती. एका पावसाळ्यात तीन छत्र्या. डबा शाळेत, दप्तर रिक्षात. सहामाहीला गणिताचा पेपर मागच्या बाजूला उलटून पाहिलाच नाही. आणि शेवटी म्हणाली, ‘यात आजार कसला? तुझे बाबा अजून असेच आहेत.’ तिला वाटलं तिने माझी शंका मोडीत काढली. एडीएचडी घराण्यात मोठ्या प्रमाणात उतरते, त्यामुळे डॉक्टरांनी तेच वाक्य अधोरेखित करून घेतलं.

मग प्रसंगांचं एक पान. ‘मी फार विसरते’ याने डॉक्टरांना काही कळत नाही. ‘या वर्षात क्रेडिट कार्डाचं बिल पैसे असूनही चार वेळा उशिरा भरलं’, ‘कुकर लावून झोपी गेले, शेजारच्या काकूंनी दार वाजवलं’, हे कळतं. आठ-दहा प्रसंग पुरेत. एका बैठकीत आठवणार नाहीत. फोनमध्ये नोंद उघडून ठेवा, घडेल तसं टाका.

शिवाय चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, काढे आणि चूर्णं धरून. घरात कोणाला हृदयविकार, फिट्स, नैराश्य, बायपोलर (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) असेल तर तेही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या हल्लीच्या झालेल्या असतील तर त्यांचे रिपोर्ट. थायरॉइड बिघडला, रक्त कमी असलं, रात्री घोरण्यामुळे झोप तुटत असली तरी डोकं असंच धुक्यात राहतं. हे आधी बाजूला काढावं लागतं.

३. कोणाकडे जायचं आणि आधी कोणाकडे

माझी पहिली चूक इथे झाली. ‘समुपदेशक’ अशी पाटी बघून शिरले. बाई प्रेमळ होत्या, पाच महिने आठवड्याला एकदा गेले. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, मोबाइल दूर ठेवा. डायरी तिसऱ्या दिवशी हरवली. पाच महिन्यांनी त्या म्हणाल्या, ‘तुमची बदलायची इच्छाच दिसत नाही.’ मी ते खरं मानलं आणि पुढचे सात महिने कोणाकडेच गेले नाही.

तेव्हा कोण काय करतं ते आधी बघून घ्या.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. निदान करतो, औषध लिहून देऊ शकतो. पाटीवर किंवा चिठ्ठीवर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या, सविस्तर मुलाखत आणि थेरपी करतो. ही पदवी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी हवी. ती परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येते. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून राग आला, तर उठून या.

समुपदेशक किंवा काउन्सेलर या शब्दावर कोणाची मालकी नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून उत्तम काम करणारे आहेत, आणि आठवड्याच्या कोर्सवर पाटी लावणारेही आहेत. ‘एडीएचडी कोच’चं तेच. निदान झाल्यावर, दिवसाची घडी बसवायला कोच चालेल. निदानासाठी नको.

माझं मत सरळ आहे : आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग थेरपिस्ट. कारण लक्ष न लागण्यामागे नैराश्य, चिंता, बायपोलर, झोप, व्यसन यांतलं काहीही असू शकतं, किंवा एडीएचडीच्या जोडीला हेही असू शकतं. ही गुंतवळ सोडवणं डॉक्टरचं काम. वेड्यांचा डॉक्टर वगैरे कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

शोधायचा कसा? ओळखीतून नाव मिळालं तर उत्तम. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा, त्यांना गावातले सगळे माहीत असतात. मग दवाखान्यात फोन करून एकच प्रश्न : ‘डॉक्टर मोठ्या माणसांचं एडीएचडी बघतात का?’ पाठ करून ठेवा. बरेच चांगले डॉक्टर मुलांमधलं एडीएचडी बघतात, पण मोठ्यांच्या बाबतीत ‘आता कशाला’ म्हणतात. हे फोनवर कळलं तर एक फेरी वाचते. फोन करायचा जीवावर येत असेल तर (मला येतो) मैत्रिणीला शेजारी बसवून करा, किंवा तिलाच करायला लावा.

खासगी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यांत चांगले मानसोपचार विभाग आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे, पुण्यात ससून, नागपूरला शासकीय मेडिकल कॉलेज. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे ओपीडी असते आणि ओपीडीत दाखवायला गेलं म्हणून कोणी दाखल करून घेत नाही. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. रांग असते, केस पेपर काढण्यापासून सकाळ जाते. सोबत कोणीतरी न्या आणि डबा न्या. लहान गावात राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. काहीच सुचत नसेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं होण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची तारीख येईपर्यंत थांबू नका, आजच या क्रमांकावर बोला किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

४. पहिली भेट

नंबर लागला की लगेच, फोन खाली ठेवायच्या आत, तीन गजर लावा : आदल्या रात्री, दोन तास आधी, निघायच्या वेळी. आणि घरातल्या एकाला तारीख सांगून ठेवा. वेळ सकाळची घेऊ नका, जर सकाळ हा तुमचा शत्रू असेल.

आत गेल्यावर काय होतं? बोलणं. पाऊण-एक तास प्रश्न. लहानपण, शाळा, नोकऱ्या किती बदलल्या, गाडी चालवताना काय होतं, झोप, दारू-सिगारेट, मूड. काही डॉक्टर ‘दिवा’ नावाची ठरावीक मुलाखत वापरतात. काही जण सायकॉलॉजिस्टकडे चाचणीला पाठवतात. नवरा, बायको, आई यांच्यापैकी कोणाला तरी बोलावतात. एका भेटीत निदान होईलच असं नाही, दोन-तीन भेटी साधारण लागतात. पाच मिनिटांत ‘आहे’ म्हणून गोळी लिहून देणारा आणि पाच मिनिटांत ‘तुम्ही पदवीधर आहात, तुम्हाला कसं असेल’ म्हणून परत पाठवणारा, दोघेही टाळा. विशेषतः बायकांच्या बाबतीत दुसरा प्रकार फार होतो. आपण वर्गात उड्या मारत नव्हतो, खिडकीबाहेर बघत होतो. त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर आलो नाही.

एक सावधगिरी. एडीएचडीचं निदान रक्ततपासणीवर, एमआरआयवर किंवा ‘ब्रेन मॅपिंग’वर होत नाही. मला एका ठिकाणी मेंदूच्या रंगीत नकाशाचं पॅकेज सुचवलं होतं, आकडा ऐकूनच माझं लक्ष पहिल्यांदा पूर्ण एकवटलं. असं काही पुढे आलं तर ‘याने निदान बदलणार आहे का?’ एवढं विचारा.

निघताना लेखी निदान मागून घ्या. कागदावर कदाचित ‘एफ ९०’ असा कोड दिसेल, घाबरू नका, ती आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली जागा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि तुमचे कागद मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे. कंपनीला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.

५. औषध, आणि औषधाचं दुकान

भारतात मोठ्या माणसांना मुख्यतः दोन औषधं दिली जातात. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं. १९४४ साली तयार झालेलं, म्हणजे माझ्या आईपेक्षा जुनं. घेतल्याच्या दिवशीच असर कळतो. साधी गोळी साधारण तीन-चार तास चालते, हळूहळू सुटणारी आठ ते बारा तास. दुसरं ॲटोमॉक्सेटिन, हे उत्तेजक नाही. रोज घ्यावं लागतं आणि पुरता असर दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे याच औषधावर जास्त सापडतात, मीही त्यातली. क्लोनिडिन किंवा बुप्रोपिऑन कधी कधी देतात, डॉक्टर सांगतील.

कोणतं द्यायचं हे रक्तदाब, नाडी, हृदयाचा इतिहास, चिंतेचा त्रास बघून ठरतं. सुरुवात छोट्या डोसने होते आणि तो हळूहळू वाढवतात. भूक मरणं, तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं, झोप उशिरा लागणं, धडधड ही नेहमीची गाऱ्हाणी. दुपारनंतर गोळी घेतली तर रात्र जागून काढाल. चार कप चहा पिणाऱ्यांनी दोनवर यावं. सकाळी गोळीच्या आधी पोटभर न्याहारी करून घ्या, नंतर जेवण दिसूनही घास उतरत नाही. ॲटोमॉक्सेटिनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मूड एकदम घसरला, नको ते विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. गर्भारपण ठरवत असाल तर आधी सांगा.

आता दुकान. मिथाइलफेनिडेट औषधांच्या कायद्यातल्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, येतं. याचे तीन परिणाम, आणि हे आम्हाला कोणीच आधी सांगितलं नव्हतं.

पहिला : ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, कारण ते विकायला वेगळा परवाना लागतो. मी पहिल्या दिवशी भर उन्हात पाच दुकानं फिरले. चार ठिकाणी नुसती मान हलली. पाचव्या दुकानातल्या काकांनी चिठ्ठी चष्म्याखालून दोनदा वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे बघितलं. मला वाटलं आता पोलिसांना फोन करतात. ते म्हणाले, ‘याची दुसरी प्रत कुठंय?’ तेव्हा दुसरा परिणाम कळला : या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग. तुम्ही डॉक्टरांसमोरून उठायच्या आधीच दोन प्रती मागा, आणि ‘जवळपास हे कुठे मिळतं?’ हेही विचारा. दुकान सापडलं की त्यांचा नंबर घेऊन ठेवा आणि निघण्याआधी फोन करा, कारण माल नेहमी असतोच असं नाही. माझे काका आता स्वतःच सांगतात, ‘सोमवारी येतंय.’

तिसरा : व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना हे औषध लिहून देता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्सची औषधं वर्ज्य आहेत. गडचिरोलीत बसून मुंबईच्या डॉक्टरांशी बोलता येईल, पण या चिठ्ठीसाठी समोर जावं लागेल. ॲटोमॉक्सेटिन या यादीत नाही, म्हणून लांब राहणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. तुमची अडचण ही असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

अमेरिकेतून परत येणाऱ्या मंडळींसाठी दोन ओळी. तिथे सर्रास दिली जाणारी ॲम्फेटामिन गटातली औषधं, म्हणजे ॲडरॉल, व्हायव्हान्स, इथल्या दुकानांत मिळत नाहीत. येण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवा आणि निदानाचे कागद सोबत आणा. उलट दिशेने, दुबईला जाताना अशी नियंत्रित औषधं न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते.

गोळी घ्यायची विसरणं हा तर वेगळाच विनोद. आठवड्याच्या सात खणांचा डबा घ्या आणि तो चहाच्या डब्याला खेटून ठेवा. ‘घेतली की नाही?’ अशी शंका आली आणि खण रिकामा असला, तर घेतली. दुसरी घ्यायची नाही.

ब्राह्मी, शंखपुष्पी कोणी ना कोणी आणून देणारच. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. गोळीच्या बदल्यात मात्र नको.

६. थेरपिस्ट

गोळीने समोरचा आवाज कमी होतो. कपाट आवरून मिळत नाही. पस्तीस वर्षांच्या सवयी आणि त्याहून जुनी लाज, यांसाठी थेरपी.

मोठ्यांच्या एडीएचडीसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, चांगली तपासली गेलेली आहे. पहिल्या फोनवर विचारा : शिक्षण काय, आरसीआय नोंदणी आहे का, मोठ्या एडीएचडीवाल्यांबरोबर काम केलंय का, दोन सेशनच्या मध्ये काही करायला देता का, आणि सेशन चुकलं तर पैसे लागतात का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी जाते, आणि आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत आहे. आदल्या दिवशी मेसेज पाठवता का, हेही विचारा. माझ्या थेरपिस्ट पाठवतात.

भाषेचा विचार करा. मी पहिल्या दोन बैठका इंग्रजीत केल्या आणि फार शहाण्यासारखं बोलले. तिसऱ्या बैठकीत ‘वेंधळी’ हा शब्द तोंडातून निघाला आणि रडू कोसळलं. आपल्याला लागलेली बोलणी ज्या भाषेत आहेत ती समजणारं माणूस समोर हवं. मराठीत, हिंदीत, कोकणीत, जी तुमची असेल ती.

प्रत्यक्षात काय चालतं त्याचा एक नमुना. मी म्हटलं, ‘वीजबिल भरणं मला जमत नाही.’ थेरपिस्टनी विचारलं, ‘पहिली हालचाल कोणती?’ म्हटलं, ‘ॲप उघडणे.’ ‘त्याआधी?’ ग्राहक क्रमांक. तो कुठे आहे? जुन्या बिलावर. बिल कुठे आहे? फ्रिजवर, नाहीतर पर्समध्ये, नाहीतर गाडीच्या डिकीत. म्हणजे मी दर महिन्याला बिल भरायला घाबरत नव्हते, शोधाशोधीला घाबरत होते. क्रमांकाचा फोटो काढला, बँकेतून आपोआप पैसे जायची सोय केली. अर्धं सेशन गेलं, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मला बिलाची आठवणही झाली नाही.

दुसरी युक्ती आपल्याकडची जुनीच आहे. दुसरं माणूस नुसतं शेजारी बसलं की काम होतं. लहानपणी आजी तांदूळ निवडत बसायची आणि तिच्या सुपाच्या आवाजात माझा अभ्यास व्हायचा. ती उठली की मीही उठायचे. आता एका मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल लावून दोघी गप्प बसून आपापली कामं करतो. ती चकल्या तळते, मी रिटर्न भरते.

थेरपिस्ट योग्य आहे का हे तीन-चार बैठकांत कळतं. दर वेळी नुसतं ‘कसं वाटतंय?’ होत असेल, काही ठोस हातात पडत नसेल, किंवा तुम्हाला आळशी ठरवलं जात असेल, तर बदला. सांगून बदला, गायब होऊ नका. गायब होणं हा आपला हातखंडा आहे, म्हणून म्हणते.

७. पैसे

पुण्या-मुंबईत खासगी थेरपीच्या एका सेशनला हजार ते अडीच हजार रुपये सहज जातात. आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी चालेल का, सवलतीची फी आहे का, असं विचारण्यात कमीपणा नाही. नोकरीत असाल तर कंपनीने समुपदेशनाची काही मोफत सेशन्स ठेवली आहेत का ते बघा. अनेक कंपन्यांत असतात आणि कोणाला माहीत नसतात. ठाण्याच्या ‘आयपीएच’सारख्या मानसिक आरोग्याच्या संस्था मराठीत थेरपीचं काम वर्षानुवर्षं करतायत.

विम्याबद्दल भाबडी आशा नको. २०१७ च्याच कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यावं लागतं. पण आपले उपचार ओपीडीतले, आणि बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का तेवढं बघा.

८. मूल असेल तर

बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. ते विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषधाचा विचार त्यानंतर. शाळेतल्या बाईंकडून प्रश्नावली भरून घ्यावी लागते, तेव्हा बाईंशी भांडण काढून जाऊ नका. वाचन-लेखनाची अडचणही आहे का हे तपासून घ्या, कारण दोन्ही जोडीने आढळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. परीक्षेच्या सवलती मागताना हा फरक आडवा येतो. औषध सुरू झालं तर उंची आणि वजन नियमित मोजा. आणि फॉर्म भरताना सारखं ‘अरे, हे तर माझं’ असं वाटत राहिलं, तर तुमचाही नंबर लावा.

९. मधेच सुटलं तर

सुटेल. माझं अकरा महिने सुटलं होतं. चिठ्ठी संपली, पुढचा नंबर लावायचा राहिला, मग इतके दिवस झाले म्हणून लाज वाटली, लाज वाटली म्हणून आणखी दिवस गेले. जुनी राहिलेली गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, खंड पडल्यावर डोस पुन्हा ठरवावा लागू शकतो. दवाखान्याच्या नंबरवर पुढचा मेसेज जसाच्या तसा पाठवा :

‘नमस्कार, मी डॉक्टरांची जुनी पेशंट. मध्ये उपचार बंद पडले होते, पुन्हा सुरू करायचे आहेत. या आठवड्यात संध्याकाळची कोणती वेळ मिळेल?’

कारण लिहू नका, माफी मागू नका. मी गेले तेव्हा एक भाषण पाठ करून गेले होते. डॉक्टरांनी पोपटी फाइल उघडली, शेवटची तारीख बघितली, ‘अकरा महिने,’ असं स्वतःशीच म्हणाले आणि काट्याकडे बोट दाखवलं, ‘आधी वजन करून घ्या.’